एक दांडी कीं दोन? : पेडल स्टील गिटारची निवड

हौसेला मोल नसतें, अशी म्हण मराठींत आहे. म्हण खरी असली, तरी हौसेच्या वस्तूला मात्र मोल असतें, वजन असतें आणि ती ठेवावयास घरांत जागाहि लागते. बाजाची पेटी विकत घ्यावयास गेलेल्या गृहस्थाला याचा प्रत्यय येतो. एकेरी सुरांची पेटी घ्यावी कीं दुहेरी सुरांची, हा त्याच्यापुढील पहिला प्रश्न. दुकानांत दुहेरी सुरांची पेटी भरदार वाटते. पुढें बैठकीसाठीं ती दोन जिने चढवून नेतांना तोच भरदारपणा खांद्याला जाणवूं लागतो. पेडल स्टील गिटार नांवाचें जें वाद्य अमेरिकेंत उदयास आलें, त्याच्या ग्राहकापुढें असाच, पण पुष्कळच गुंतागुंतीचा प्रश्न उभा राहतो. एका दांडीचें वाद्य घ्यावें कीं दोन दांड्यांचें? आणि दांडी एकच घ्यावयाची, तर धड अरुंद असावें कीं रुंद? या निवडींत पैसा तर गुंतलेला असतोच. पण त्याहून अधिक, विद्यार्थ्याच्या आयुष्यांतील चार-पांच वर्षांचा अभ्यास गुंतलेला असतो.

प्रश्न नीट समजण्यास वाद्याची कुळकथा थोडी ठाऊक हवी. स्टील गिटारचें मूळ हवाई बेटांत आहे. गिटार मांडीवर आडवी ठेवावयाची आणि बोटांनीं तारा दाबण्याऐवजीं एक पोलादी कांडी त्यांवरून सरकवावयाची, ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या हवाई तरुणानें रूढ केली, असें मानलें जातें. विचित्रवीणेवर काचेचा बट्टा फिरतांना ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना ही कल्पना तात्काळ येईल. १९१५ सालीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें भरलेल्या मोठ्या प्रदर्शनानंतर हवाई संगीताची लाट अमेरिकाभर पसरली आणि पुढें ती भारतापर्यंतहि येऊन पोंचली. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतांत हवाइयन गिटारचा जो मुलायम, लांबणारा सूर ऐकूं येतो, तो या लाटेचाच प्रसाद होय. वॅन शिप्ले यांच्या ध्वनिमुद्रिकांनीं तो घरोघरीं नेला. ब्रिजभूषण काब्रा यांनीं याच जातीच्या गिटारवर रागसंगीत वाजविलें. १९६७ सालची त्यांच्या सहभागाची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका आजहि ऐकली जाते.

या सर्व गिटारी एका दांडीच्या व पेडलांवांचूनच्या. रागसंगीताला तेवढें पुरतें, कारण तेथें एका वेळीं एकच स्वर मुख्य असतो. पाश्चात्य संगीताची गोष्ट वेगळी आहे. तेथें तीन-चार स्वरांचा मेळ एकदम वाजावयास हवा आणि तो क्षणोक्षणीं बदलावयास हवा. पोलादी कांडी असते सरळ. ती सर्व तारा एकाच पडद्यावर धरते. म्हणून मोकळ्या तारांतून जो मेळ निघतो, तोच खालींवर सरकत राहतो. निराळ्या घडणीचा मेळ हवा असल्यास तारा निराळ्या रीतीनें जुळविल्या पाहिजेत. भर बैठकींत तारा पुन्हां जुळवीत बसणें अशक्यच. तेव्हां वादकांनीं सोपा उपाय काढला: निरनिराळ्या जुळणीच्या दांड्या एकाच धडावर शेजारीं-शेजारीं बसवून घेतल्या. दोन झाल्या, तीन झाल्या. १९५३ सालीं निघालेलें फेंडर कंपनीचें ‘स्ट्रिंगमास्टर’ हें वाद्य तर चार दांड्यांचेंहि मिळूं लागलें.

याच सुमारास दुसरा उपाय आकार घेत होता. तारेच्या शेवटास घोडीच्या ठिकाणीं हलणारी बोटें बसवावयाचीं, तीं लोखंडी सळ्यांनीं पायांतील पेडलांस जोडावयाचीं, म्हणजे पेडल दाबतांच ठराविक तारा ठराविक अंतरानें चढतात वा उतरतात. गिब्सन कंपनीनें १९४० च्या सुमारास ‘इलेक्ट्राहार्प’ या नांवानें असें वाद्य काढलें. १९४८ सालीं कॅलिफोर्नियांतील कारागीर पॉल बिग्स्बी यांनीं स्पीडी वेस्ट या वादकासाठीं पेडलांचें वाद्य घडविलें. तथापि प्रारंभीं पेडलांचा मुख्य उपयोग जुळणी बदलण्यापुरताच होई. १९५४ सालीं गाजलेल्या वेब पियर्स यांच्या ‘स्लोली’ या गीतांत बड आयझॅक्स यांनीं तार वाजत असतांनाच पेडल दाबलें. एक स्वर स्थिर राहिला आणि दुसरा त्याच्या अंगावरून मींड घेत वर चढला. त्या एका युक्तीनें वाद्याचा आत्माच पालटला.

पेडलें आल्यावर दांड्यांची गरज संपावयास हवी होती. चारांच्या दोन झाल्या हें खरें, परंतु दोनांची एक मात्र सर्वत्र झाली नाहीं. तसें कां, हें कळण्यासाठीं त्या दोन दांड्यांवरील जुळण्या पाहिल्या पाहिजेत.

पहिली जुळणी ‘ई-नाइन’ या नांवाची. ई या स्वरास षड्ज मानलें, तर दहा तारा वादकापासून दूरच्या बाजूनें अशा लागतात: रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी आणि शेवटीं खालचा प. पहिल्या दोन तारा क्रमाबाहेरच्या आहेत; त्या पुढें मुद्दाम घातल्या गेल्या, आणि त्यामुळें सुटे स्वर जलद वाजवितां येऊं लागले. आतां पेडलांची करामत पाहावी. पहिलें पेडल दाबलें कीं पंचम चढून शुद्ध धैवत होतो. दुसऱ्यानें गंधार चढून मध्यम होतो. दोन्ही एकदम दाबलीं म्हणजे सा-ग-प चा मेळ सा-म-ध चा होतो, आणि कांडी मात्र जागची हललेली नसते. तिसरें पेडल षड्जाचा ऋषभ आणि पंचमाचा धैवत करतें. याखेरीज गुडघ्यांनीं हलविण्याच्या तरफा असतात: एकीनें षड्ज चढून कोमल ऋषभ होतो, दुसरीनें तो उतरून शुद्ध निषाद होतो. परिणाम असा कीं, ई स्वरावरील तोच मेळ मोकळ्या तारांवर मिळतो, तिसऱ्या पडद्यावर पहिलें पेडल व एक तरफ लावून मिळतो आणि सातव्या पडद्यावर पहिलीं दोन पेडलें दाबून पुन्हां मिळतो. टेनेसी राज्यांतील नॅशव्हिल शहराचें जें ‘कंट्री’ संगीत, त्यांतील हुंदक्यासारखा येणारा सूर म्हणजे हीच जुळणी होय.

दुसरी जुळणी ‘सी-सिक्स’. येथें सी हा षड्ज. तारा अशा: प, ग, सा, ध, प, ग, सा, ध, म आणि अगदीं खालचा सा. खर्जांतील मध्यम सोडला, तर भूप रागांतून ऋषभ वगळून राहिलेले चार स्वर येथें पुन्हां पुन्हां येतात. हिचा आवाज खालच्या सप्तकांत भरलेला, गोल आणि ऐसपैस असतो. टेक्सासकडील ‘वेस्टर्न स्विंग’ आणि जॅझ यांना जे दाट, चार-पांच स्वरांचे मेळ लागतात, ते येथें सहज सांपडतात. ई-नाइन गाते आणि सी-सिक्स बोलते, असें स्थूलमानानें म्हणतां येईल. दोन्ही भाषा ज्याला हव्या असत, त्यानें दोन्ही दांड्या ठेवल्या. म्हणूनच दोन दांड्यांचें, प्रत्येकीं दहा तारांचें, आठ पेडलांचें आणि चार किंवा पांच तरफांचें वाद्य व्यावसायिकांचें प्रमाण वाद्य ठरलें. दूरच्या दांडीवर ई-नाइन, जवळच्या दांडीवर सी-सिक्स; डावीकडील तीन पेडलें पहिलीचीं, पुढचीं पांच दुसरीचीं.

आतां बाजारांत तीन मुख्य रूपें दिसतात. पहिलें, एका दांडीचें व अरुंद धडाचें. दुसरें, दोन दांड्यांचें व अर्थातच रुंद धडाचें. या दोहोंच्या मधलें तिसरें: धड दोन दांड्यांचें असावें तसें रुंद, पण दांडी एकच, दूरच्या कांठास, आणि जवळच्या मोकळ्या जागेवर कातड्याची वा तसल्या कापडाची गादी. नवख्याला हें तिसरें रूप विचित्र वाटतें. दांडी नाहीं, तर तिची जागा कां वागवावयाची?

याचें उत्तर वादकाच्या बैठकींत आहे. या वाद्यापुढें बसणें म्हणजे शिवणयंत्र, पायपेटी आणि वीणा हीं तिन्ही एकदम चालविण्यासारखें आहे. उजव्या हाताच्या आंगठ्यांत व दोन बोटांत नख्या, डाव्या हातांत कांडी, डावा पाय पेडलांवर, उजवा पाय आवाज कमी-अधिक करणाऱ्या वेगळ्या पेडलावर, आणि दोन्ही गुडघे तरफांच्या मध्यें. अशा स्थितींत हाताला टेकावयास जागा असणें ही चैन नव्हे. रुंद धडाच्या गादीवर उजवा हात विसावतो, आणि तासन्‌तास वाजविणाऱ्याचा खांदा भरून येत नाहीं. शिवाय धडाखालीं जागा ऐसपैस मिळाल्यानें तरफा सोयीच्या ठिकाणीं बसवितां येतात. दोन दांड्यांच्या वाद्यावर ज्याचा हात बसला आहे, त्याला गादीच्या वाद्यावर दांडी ओळखीच्याच अंतरावर सांपडते, हा आणखी एक लाभ.

उलट अरुंद धडाच्या वाद्यांत दांडी वादकाच्या अगदीं जवळ येते. ठेंगण्या बांध्याच्या माणसास वा लहान मुलास हेंच बरें. दूरवर हात लांबवावा लागत नाहीं आणि पाठ वाकत नाहीं. अशीं वाद्यें वजनाला हलकीं असतात. दोन दांड्यांचें वाद्य पेटींत घातलें म्हणजे ६० पौंडांच्या आसपास, कित्येकदां त्याहूनहि अधिक भरतें. एका दांडीचें अरुंद वाद्य त्याच्या निम्म्याहून थोडें अधिक. गादीचें वाद्य या दोहोंच्या मध्यें बसतें. ज्याला आठवड्यांतून तीन वेळां वाद्य गाडींत चढवावयाचें व उतरवावयाचें आहे, त्यानें हा हिशेब स्वरांच्या हिशेबाइतकाच गंभीरपणें करावा. पन्नाशी उलटलेल्या कित्येक वादकांनीं दोन दांड्या सोडून एक धरली, तिचें कारण संगीतांत नसून कंबरेंत होतें.

वजनाबरोबर निगाहि वाढते. प्रत्येक पेडल एक, दोन वा तीन तारा ओढतें, आणि प्रत्येक ओढ वाद्याच्या उजव्या टोंकाशीं असलेल्या लहानशा चावीनें वेगळी जुळवावी लागते. म्हणजे तारा तर जुळवावयाच्याच, पण त्या चढल्यावर व उतरल्यावर कोठें थांबतात तेंहि जुळवावयाचें. एका दांडीवर अशा जागा डझनभर असल्या, तर दोन दांड्यांवर दोन डझनांहून अधिक होतात. तारा झिजणार वीस, गंज धरणार वीस. समुद्रकांठच्या दमट हवेंत राहणाऱ्याला ही संख्या विशेष जाणवेल.

नादाविषयीं काय? रुंद धडांत लांकूड अधिक, म्हणून स्वर अधिक भरदार, असें कांहीं वादक सांगतात. हलकें धड अधिक मोकळें वाजतें, असें दुसरे सांगतात. वाद्य भरीव असून आवाज विद्युत्‌ध्वनिग्राहकांतून येतो, आणि हाताचा गुण तर निराळाच. एकाच कारखान्याचीं दोन सारखीं वाद्येंहि तंतोतंत एकसारखीं वाजत नाहींत. तेव्हां नादाच्या नांवावर रुंदी विकत घेऊं नये. कान लावून जें प्रत्यक्ष वाद्य आवडेल तें घ्यावें.

थोर वादकांकडे पाहिलें, तर दोन्ही वाटा सन्मानाच्या दिसतात. बडी एमन्स यांनीं वाद्याच्या रचनेंत मोलाच्या सुधारणा केल्या आणि दोन्ही दांड्यांवर सारखेंच प्रभुत्व मिळविलें. १९६३ सालच्या त्यांच्या ‘स्टील गिटार जॅझ’ या ध्वनिमुद्रिकेनें हें वाद्य केवळ खेडवळ गीतांचें नाहीं हें दाखवून दिलें. दुसऱ्या बाजूस नॅशव्हिलचे लॉइड ग्रीन. असंख्य गीतांच्या ध्वनिमुद्रणांत साथ करणाऱ्या या वादकानें सी-सिक्सची दांडी बाजूला ठेवली आणि आपलें सारें लक्ष ई-नाइनवर केंद्रित केलें. त्यांच्या पसंतीप्रमाणें शो-बड कंपनीनें १९७३ सालीं जें वाद्य काढलें, तें नेमकें रुंद धडाचें, एका दांडीचें आणि पुढें गादी असलेलें होतें. एका दांडीचा वादक म्हणजे अर्धा वादक, हा समज ग्रीन यांच्या उदाहरणानें खोटा ठरतो. एकानें दोन शेतें कसलीं, दुसऱ्यानें एकच खोल नांगरलें. पीक दोघांनाहि आलें.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. ई-नाइनच्या दांडींत दुसऱ्या दांडीची एक छाया दडलेली असते. षड्ज उतरवून निषाद करणारी तरफ धरून ठेवली, म्हणजे मुख्य तारांवर प, नी, रे, ग हे स्वर उरतात. आतां त्या पंचमालाच नवा षड्ज मानून पाहावें: तेच स्वर सा, ग, प, ध होतात. म्हणजे सी-सिक्सचाच घाट, केवळ बी या स्वरावर बसलेला. नववी तार, ती कोमल निषादाची, मध्यें आड येते आणि खालच्या सप्तकाचा भरणाहि मिळत नाहीं, हें खरें. पण चव कळण्यापुरतें एवढें पुरे. याच तत्त्वावर बारा तारांची एक दांडी करून दोन्ही जुळण्या तींत सामावण्याची युक्तीहि निघाली आहे. तिला ‘युनिव्हर्सल’ जुळणी म्हणतात. वजन वांचतें, दोन्ही भाषा मिळतात; मात्र बारा तारांची अरुंद ठेवण हाताला वेगळ्यानें शिकवावी लागते, आणि दहा तारांसाठीं लिहिलेले धडे जसेच्या तसे उपयोगी पडत नाहींत.

यावरून नव्या ग्राहकानें पहिला प्रश्न दुकानदाराला नव्हे, स्वतःच्या कानाला विचारावा. जें ऐकून या वाद्याची ओढ लागली, तें संगीत कोणतें? गीताच्या दोन ओळींमधून हळुवार उठणारा सूर असेल, तर एक दांडी पुरेशी आहे, आणि ती आयुष्यभर पुरेल. जुन्या टेक्सासी नाचांचें वा जॅझचें वेड असेल, तर सी-सिक्सवांचून समाधान होणार नाहीं. तेथें काटकसर करून एक दांडी घेणें म्हणजे भैरवीची हौस असतां शुद्ध स्वरांचीच पेटी घेण्यासारखें होय. ‘पुढें कधींतरी शिकूं’ म्हणून घेतलेली दुसरी दांडी मात्र बहुधा धूळ खाते. जवळची दांडी न वाजवितां तिच्या तारांवरून हात नेत दूरची वाजवीत बसलेले वादक कांहीं थोडे नाहींत.

दुसरा प्रश्न दांड्यांचा नाहींच, तरफांचा आहे. नवख्यांसाठीं म्हणून विकलीं जाणारीं कांहीं स्वस्त वाद्यें तीन पेडलांचीं व एकाच तरफेचीं असतात. अशा वाद्यावर षड्ज चढविणारी वा उतरविणारी तरफ, दोहोंपैकीं एक नसतेच. मग तिसऱ्या पडद्यावरील मेळ तरी जातो, नाहीं तर निषादाचा उतार तरी जातो. विद्यार्थी वर्षभरांत वाद्याच्या भिंतीला जाऊन आदळतो आणि दोष आपल्या बुद्धीला देतो. तीन पेडलें आणि चार तरफा, हें एका दांडीचें किमान मान समजावें. धड अरुंद असो वा रुंद, यांत कसर करूं नये. रुंद धडासाठीं राखलेले पैसे तरफांवर खर्च झाले, तर ते सत्कारणीं लागले असें म्हणावें.

तिसरा प्रश्न शरीराचा. शक्य असल्यास दोन्ही प्रकारच्या वाद्यांपुढें अर्धा-अर्धा तास बसून पाहावें. गुडघा तरफेला सहज लागतो कीं मांडी आंवळावी लागते? दूरच्या दांडीवर हात नेतांना पाठ सरळ राहते कीं झुकते? वाद्याचे पाय उंच करतां येतात, बैठक बदलतां येते. परंतु हाताची लांबी बदलतां येत नाहीं. जुनें वाद्य घेत असल्यास प्रत्येक पेडल दाबून सोडावें आणि तार पूर्वीच्या स्वरावर नेमकी परत येते कीं नाहीं, हें कानानें तपासावें. परत न येणारी तार ही या वाद्याची सर्वांत मोठी खोड होय. आणि पुढें दुसरी दांडी बसवून घेऊं, या आशेनें रिकामें रुंद धड घेऊं नये. खालचा सर्व सांगाडा नव्यानें रचावा लागतो; त्यापेक्षां तें विकून दुसरें घेणें सहसा सोपें पडतें.

भारतांत हें वाद्य क्वचितच दृष्टीस पडतें, तरी या निवडींतील विवेक परका नाहीं. वाद्य मोठें घेतल्यानें विद्या मोठी होत नाहीं, आणि लहान घेतल्यानें ती खुजीहि राहत नाहीं. जें वाद्य दररोज पेटींतून बाहेर काढावेंसें वाटतें, ज्यापुढें तासभर बसून अंग दुखत नाहीं आणि ज्याच्या प्रत्येक तारेला काम आहे, तेंच योग्य वाद्य. बाकीच्या दांड्या, गाद्या आणि पेडलें दुकानाच्या कांचेमागें शोभून दिसतात. घरीं आणल्यावर त्यांना वाजविणारा हात लागतो.